ड्यूक व्हायला नकार

सुनेला चाळीस वर्षं पूर्ण होत होती. तिला पार्टी नको होती, हॉटेल नको होतं. तिला अख्खा एक दिवस दोनशे वर्षांपूर्वीचा पाहिजे होता. इथे इंग्लंडात त्या काळाला रीजन्सी म्हणतात. बायकांचे छातीखाली बांधलेले लांब झगे, पुरुषांच्या उंच टोप्या, गळ्याला गुंडाळलेलं पांढरं कापड, चहा, नाच आणि घोडागाडी. मी विचारलं, तेव्हा आपल्याकडे काय चाललं होतं? ती म्हणाली, पेशवाई बुडत होती. म्हटलं, मग बरोबर आहे, यांना नाचायला वेळ होता.

जायचं होतं बाथ शहरात. आमच्या स्लाऊहून ट्रेनने जाता येतं. तिथली घरं अजून त्याच काळातली आहेत, फक्त खाली मोबाइलची दुकानं आलीत. बरोबर येणार होते स्टॅनमोरचे डॉक्टर नवराबायको आणि मुलाच्या ब्रॅकनेलच्या ऑफिसातलं एक जोडपं.

सुनेने कॉम्प्युटरवर तक्ता केला. सहा आठवडे आमच्या घरात दुसरं बोलणं नव्हतं. बटाटेवड्यांवर फुली पडली, कारण त्या काळात वडे नव्हते. काकडीचे सँडविच आले. डॉक्टरांनी ग्रुपवर विचारलं, त्या काळात ॲसिडिटीची गोळी होती का? सुनेने कळवलं, गोळी खिशात ठेवा, दाखवू नका.

त्याच तक्त्यात माझ्यापुढे लिहिलं होतं, ड्यूक. मी विचारलं, हा काय करतो? ती म्हणाली, राजाच्या खालोखाल असतो आबा, सगळ्यात मोठा माणूस. ते समजलं, पण करतो काय? काही नाही, नुसतं बसायचं.

म्हटलं, बसायला मी आठ वर्षं या घरात बसतोच आहे. मला गाडी हाकायची आहे.

मुलगा लॅपटॉपमध्ये बघत राहिला. का ते मला माहीत होतं. मी चौथी शिकलो आणि एकतीस वर्षं मिरज स्टेशनबाहेर टांगा चालवला. माझ्या घोडीने मला कधी सर्टिफिकेट विचारलं नाही. पण इथे मित्रांना त्याने सांगून ठेवलं होतं की वडील ट्रान्सपोर्टमध्ये होते. सगळ्यांना वाटायचं, माझ्या लॉऱ्या असणार. एकदा डॉक्टरांनी विचारलंही, काका, किती गाड्या होत्या? मी म्हटलं, एक. ते हसले. त्यांना तो माझा विनय वाटला.

बाथच्या घोडागाडीवाल्यांचा एक नियम होता. त्यांच्या खाजगी रस्त्यावर पाहुण्याला पुढे बसून लगाम धरता येतो, पण त्याने आधी घोडागाडी चालवलेली पाहिजे आणि तसं गाडीवानाला सांगायला पाहिजे. मुलाने हा नियम मला वाचून दाखवला तो विषय मिटवायला. म्हणाला, "तिथे सगळ्यांसमोर सांगावं लागेल, आबा."

"मग सांग."

"तुम्हीच सांगा ना."

माझं इंग्रजी ब्रेड आणि बसपुरतं आहे, पण एवढं मला सांगता आलं असतं. तरी मी म्हटलं, "मी नाही सांगणार. टांग्याचं ट्रान्सपोर्ट तू केलंस, आता ट्रान्सपोर्टचा टांगाही तूच करायचास."

सुनेने दोघांकडे बघितलं आणि तक्त्यात ड्यूकच्या पुढे लिहिलं, "किंवा गाडी, बघू". मी बजावून ठेवलं, लगाम मिळाला नाही तर मी गाडीत पाय ठेवणार नाही.

त्या दिवशी स्लाऊच्या फलाटावर आम्ही सात जण टोप्या घालून उभे होतो. मला वाटलं होतं, लोक जमतील. कुणी मोबाइलमधून डोकं वर काढलं नाही. गळ्याचं कापड सुनेने इतकं आवळलं होतं की मला रूळ दिसत नव्हते, नुसतं आभाळ दिसत होतं.

बाथला पोचल्यावर घोडा बघितला आणि मी टोपी काढली. असला घोडा मी जन्मात बघितला नव्हता. खूर ताटाएवढे, पायांवर केसांच्या झालरी. गाडीवान म्हणजे तिशीतली एक बाई, सफरचंद खात होती. अर्धं तिने खाल्लं, अर्धं घोड्याला दिलं. तिथेच ती मला पटली. मी घोड्याच्या मानेवर हात ठेवला. त्याने माझा कोट हुंगला.

बाईने मुलाला विचारलं, यांनी आधी चालवलं आहे का? सगळे ऐकत होते. मुलगा म्हणाला, ते ट्रान्सपोर्टमध्ये होते. ती म्हणाली, म्हणजे लॉऱ्या? लॉरी चालत नाही, सॉरी. आणि एक पाय पायरीवर ठेवून ती चढायला लागली.

मी मुलाकडे बघितलं नाही. घोड्याच्या कानांकडे बघत उभा राहिलो. मनात ठरवलं, गाडीच्या मागून चालत जायचं. सुनेचा वाढदिवस, भांडण करायचं नाही, पण आत बसायचं नाही.

"लॉऱ्या नव्हत्या," मुलगा तिला इंग्रजीत म्हणाला. मग पुढचं मराठीत, मित्रांकडे वळून. "टांगा होता. मिरज स्टेशनवर. एकतीस वर्षं." नंतर तेच पुन्हा बाईला इंग्रजीत सांगितलं.

डॉक्टर म्हणाले, "म्हणजे ते ट्रान्सपोर्ट ते हेच?"

"हेच."

"आणि आम्ही आठ वर्षं लॉऱ्या धरून बसलोय."

एवढंच झालं. त्यांची बायको विचारत होती, मला काकांजवळ पुढे बसता येईल का. मला जरा फसल्यासारखंच वाटलं. ज्यासाठी आठ वर्षं तोंड दाबून बसलो, त्याने एकाची टोपीसुद्धा हलली नाही. मुलाचे कान मात्र लाल झाले होते.

बाईने मला हाताने वर बोलावलं. मी चढून तिच्याशेजारी बसलो, पण लगाम लगेच घेतला नाही. आधी सवाऱ्या नीट बसवाव्या लागतात. मागे वजन जास्त झालं की टांगा मागे झुकतो आणि घोडा वर उचलला जातो. त्याला आम्ही उलार होणं म्हणतो. म्हणून डॉक्टरांना, ते चांगले भरलेले आहेत, पुढच्या बाकावर घेतलं. त्यांच्या बायकोला मागे पाठवलं, तिने तोंड वाकडं केलं. मुलाला म्हटलं, तू मधे बस.

बाईने मुलाला काहीतरी विचारलं, त्याने उत्तर दिलं, ती हसत हसत बरंच बोलली. मुलाने मान हलवली आणि मित्रांना म्हणाला, "आबा सांगतात तसं बसा."

सगळे तसे बसले. मग मी लगाम घेतला आणि जीभ टाळूला लावून टक् टक् केलं. घोडा ढिम्म. पुन्हा केलं. शेवटी लगामाला हलका झटका दिला, तेव्हा साहेब चालायला लागले.

बाई काय म्हणाली ते मुलाने मला घरी आल्यावर सांगितलं. चार चाकांची गाडी उलार होत नाही, कुणी कुठेही बसा. असेल. पण वाटेत जो चढ लागला, तिथे डॉक्टर मागे असते तर काय झालं असतं, ते त्या बाईनेही बघितलेलं नाही.