टॉवरच्या भिंतीतलं फाटक

लालबागच्या आमच्या चाळीमागे गिरणी पाडून टॉवर उभा राहिला, तेव्हा मध्ये भिंत आली. तिच्यातलं लोखंडी फाटक कायम बंद असे. त्या मे महिन्यात आमची गल्ली पाइपलाइनसाठी खणून ठेवली होती.

एका दुपारी काका जेवता जेवता थांबले. वडील लवकर गेल्यावर या काकांनीच आईला आधार दिला, मला वाढवलं. त्यांच्या कपाळावर घाम आला, हात छातीवर गेला. "माका काय झाला नाय," म्हणाले आणि ताटावरच कलंडले.

अ‍ॅम्ब्युलन्सवाला फोनवर ओरडला, "गल्लीत गाडी येणार नाही. टॉवरच्या बाजूने काढा त्यांना, मी तिकडे येतो."

शेजाऱ्यांनी काकांना खुर्चीत बसवून जिना उतरायला घेतला. वळणावर खुर्ची तिरकी धरावी लागली. मी पुढे धावत जाऊन फाटक बडवलं.

"सेक्रेटरी साहेबांना विचारावं लागेल," वॉचमन गजांतून म्हणाला.

"अरे, माणूस जातोय माझा!"

"दादा, माझी नोकरी जाईल."

तो फोन लावत राहिला, पलीकडून कुणी उचलेना. मागे खुर्ची येऊन टेकली. काकांचे ओठ काळेनिळे पडले होते. मी फाटकावर चढायला लागलो, तेवढ्यात लॉबीतून काकांच्याच वयाचे, साठी उलटलेले एक गृहस्थ बाहेर आले. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं.

"उघड रे. मी बघतो पुढचं."

काका वाचले. पण हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "उशीर झाला. हृदयाचा बराच भाग निकामी झालाय."

नंतर मी त्या गृहस्थांचे आभार मानायला गेलो. ते मोकळेपणाने म्हणाले, "मलाही अ‍ॅटॅक येऊन गेलाय. लिफ्टने खाली आलो, गाडी दारातच होती. आता रोज पोहतो."

घरी आलो तर काका भिंतीला टेकून धापा टाकत होते. जिना आता त्यांच्यासाठी संपला होता.

"काय म्हणालो तो टॉवरवालो?" त्यांनी विचारलं.

"तुमची तब्येत विचारत होते."

गणपतीच्या आधीच काका गेले. दुखवट्याला आलेल्या बायका आईभोवती बसल्या होत्या. मी दारात उभा राहून गॅलरीकडे पाहिलं. आमच्या मजल्यावर आता साठी ओलांडलेला एकही पुरुष उरला नव्हता.