चेअरमनच्या मोटारीचे मूळ बोल्ट

जयंतीच्या आणि मोर्च्यांच्या पत्रकांवर मी वाचायला शिकलो. त्यामुळे जहागीरदाराच्या मोटारीला हात लावणं म्हणजे सरंजामशाहीला तेलपाणी करणं, याबद्दल मला शंका नव्हती. अडचण एवढीच की हात मामांना लावायचा होता आणि मी मामांच्या घरी जेवत होतो.

मोटार निजामाच्या काळातली, इंग्रजी बनावटीची. जहागीरदार हैदराबादला गेले तेव्हा ती गोठ्यात राहिली आणि तिच्या गादीवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. आमच्या भागात सहकारी तेल गिरणी निघणार होती. तिच्या चेअरमननी ती मोटार उचलून आणली आणि मामांच्या इंजिन-दुरुस्तीच्या दुकानासमोर उभी केली. पुण्यात त्यांनी जुन्या मोटारींची स्पर्धा पाहिली होती. तिथं परीक्षक आडवे पडून बोल्टसुद्धा तपासतात, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

"मिस्त्री, भूमिपूजनाला पाहुण्यांना ह्याच गाडीतनं आणायचं. पण एक बी बोल्ट खोटा चालणार न्हाय. सगळं मूळचं पायजे."

"आन् जमलं तर?"

"तर गिरणीचे हेड फिटर तुमी. पर्मनंट. क्वार्टरसगट."

ज्या संस्थेचे निम्मे सभासद चेअरमनचे सोयरे आणि उरलेल्यांतले बरेच मयत होते, तिच्या प्रमुखाला खरेपणाची एवढी ओढ असावी, हे पाहून मला भरून आलं. मामीला मात्र खरंच भरून आलं. क्वार्टरला नळ असतो असं तिनं ऐकलं होतं, आणि आमच्या आडानं संक्रांतीलाच तळ दाखवला होता.

इंजिन चालू करणं मामांना जड गेलं नाही. अडलं ते बोल्टांवर. मूळचे बरेचसे गंजून गेले होते. त्यांच्या जागी कुठं तार पिळलेली, कुठं सायकलचा आस ठोकलेला. मुरुम गावच्या बाजारात मिळायचे ते मिलीमीटरचे बोल्ट. ते जरासे आत जायचे आणि अडकायचे, कारण मोटारीचे आटे इंची होते. मामांनी बाजाराला, दुकानदाराला आणि मिलीमीटर काढणाऱ्याला यथेच्छ शिव्या दिल्या. मग त्यांना आठवलं की विहिरींवरच्या जुन्या इंजिनांना हेच इंची बोल्ट असतात. आणि विहिरी आटल्यामुळं ती सगळी इंजिनं बसूनच होती.

"तू पत्रकं वाटत गावोगाव हिंडतोसच," मामा म्हणाले. "जाता जाता बोल्ट माग. पानी लागलं की ज्येचे त्येला परत देऊ."

"जहागीरदाराच्या गाडीसाठी?"

"तुझ्या मामीच्या नळासाठी."

मी पत्रकांच्या पिशवीत नमुन्याचा एक बोल्ट टाकला.

माकणीच्या बाजूच्या एका गावात मी पिशवीतून नमुन्याचा बोल्ट काढला आणि पारावर विचारलं, असा कुणाच्या इंजिनाला आहे का. दुष्काळात खांद्याला पिशवी लावून आलेला, प्रश्न विचारणारा माणूस म्हणजे सरकारी मदतीचा सर्वे, हे तिथं शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. एक म्हातारी लगबगीनं पुढं आली.

"लिवून घ्या सायेब. इंजन पाच घोड्याचं, हिर कोरडी, खाणारी तोंडं लई."

"आजी, हा सर्वे नाही. हे बोल्ट चेअरमनच्या मोटारीला लागणार आहेत."

सगळा पार हसला.

"सायेब लई पक्का हाय," एकजण म्हणाला. "मागल्या बारीला आलता त्यो बी म्हनला, कायबी मिळनार न्हाय. आन् म्होरं वाटपाला सुकडी आली का न्हाय?"

मी आवाज चढवला. सरंजामशाही, सहकारातली सोयरेशाही, मोटारीचा गोठा, सगळं सांगितलं. जसजसं खरं बोलत गेलो तसतसा त्यांचा माझ्यावरचा विश्वास वाढला. एवढं लपवतोय म्हणजे यंदा वाटप मोठं असणार! माणसं विहिरींकडं पळाली. मी निघालो तेव्हा पिशवीतल्या प्रत्येक बोल्टला चिंधी बांधलेली होती आणि चिंधीवर कोळशानं नाव होतं, वाटपातला नंबर चुकू नये म्हणून. पुढं शेजारच्या गावांतनं एसटीच्या कंडक्टरहाती बोल्ट येऊ लागले.

मामांनी ते घासून, तेल लावून बसवले. चेअरमन गाडीखाली शिरले आणि धोतराला ग्रीस माखून बाहेर आले. "ह्येला म्हनत्यात मूळचं!" मामा पाना पुसत राहिले. मामी क्वार्टरात रांजण कुठं ठेवायचा ते ठरवू लागली.

भूमिपूजनाला पाहुणे त्याच मोटारीतून आले. हारतुरे चालू असतानाच ती म्हातारी गाव घेऊन मांडवात शिरली आणि मोटारीला हात लावून उभी राहिली.

"वाटप कुठं हाय?"

"कसलं वाटप, म्हातारे?" चेअरमननी विचारलं.

"बोल्ट न्हेलेत न्हवं आमचे? ह्यो बगा, ह्यो माझा. कडंला छिन्नीचा घाव हाय."

चेअरमन मामांकडं वळले. "मिस्त्री, बोल्ट मूळचे हायत का न्हाय?"

मामा नुसतं 'व्हय' म्हणाले असते तर म्हातारी खोटी ठरली असती आणि नळ आमचा झाला असता. मामी समोरच उभी होती. मामांनी तिच्याकडं पाहिलं नाही.

"मापानं मूळचे," ते म्हणाले. "पण हायत ह्यांच्या इंजनांचे."

पाहुण्यांनी भुवया वर केल्या. चेअरमननी माइक ओढला. "बंधू-भगिनींनो, ह्या गाडीचा बोल्ट न् बोल्ट शेतकऱ्यांचा आहे! ह्यालाच आम्ही सहकार म्हणतो!" टाळ्यांनी मांडव हलला. इतकं प्रभावी पत्रक मला आजवर लिहिता आलेलं नाही.

खाली उतरून ते मामांच्या कानाशी लागले. मी शेजारीच होतो. "मूळचे न्हायत म्हनल्यावर अट मोडली, मिस्त्री. फिटरचं आता आमचे सोयरे बघतील." मग ते बड्या पाहुण्यांसोबत सरकारी जीपमधून जेवायला गेले.

मामांनी मोटारीच्या सीटखालून हत्यारांची पेटी ओढली आणि लोकांकडं वळले.

"माइकवर काय म्हनले चेअरमन? बोल्ट कुनाचे?"

"आमचे!" म्हातारी म्हणाली. "सगळ्यांनी ऐकलंय."

मामांनी पहिल्या बोल्टावर पाना चढवला आणि दुसरा पाना माझ्या हातात दिला.

"मागची बाजू तू घे."