‘खाजवू नकोस’ म्हणण्याआधी

‘सिव्हिअर अ‍ॅटोपिक डर्मटायटिस,’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आमची रेवा तेव्हा चार वर्षांची होती आणि तपासणीच्या टेबलावर बसून पायातले मोजे ओढून काढत होती. म्हणजे एक्झिमाच, पण तीव्र. मी लगेच विचारलं, ‘कारण काय?’ त्या म्हणाल्या, ‘असं एकच कारण नसतं.’ हे उत्तर मला अजिबात पटलं नाही.

मी सिंगापूरला, तुआसमधल्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. पंपाचा एखादा भाग बिघडला की तो का बिघडला हे शोधून काढायचं, हेच माझं काम. ‘असं एकच कारण नसतं’ म्हणून मी साहेबांसमोर हात झटकले, तर ते मला घरचा रस्ता दाखवतील.

डॉक्टरांनी समजावलं ते असं. काही मुलांच्या त्वचेचा वरचा थर, त्याला त्या ‘स्किन बॅरिअर’ म्हणत होत्या, मुळातच कच्चा असतो. आतला ओलावा टिकत नाही आणि बाहेरचा घाम, धूळ, साबण लगेच त्रास देतात. त्वचा कोरडी होते, सुजते, खाज सुटते. खाजवलं की ती फाटते आणि खाज आणखी वाढते. घरात कुणाला दमा किंवा अ‍ॅलर्जी असेल तर शक्यता जास्त. माझ्या वडिलांना दमा होता. माझ्या बायकोला, गौरीला, रोज सकाळी उठल्याबरोबर शिंका येतात. सोनंनाणं आमच्या दोन्ही घराण्यांत कुणी कुणाला दिलं नाही, हे मात्र बरोबर पोचलं.

मलमं मिळाली. लावायची कशी तेही सांगितलं. पण माझ्या डोक्यात कारण शोधायचं होतं. मी आधी अंडी बंद केली, मग दूध, मग शेंगदाणे. कपडे धुण्याची पावडर बदलली, चादरी बदलल्या, बैठकीतला गालिचा काढून टाकला. समोरच्या फ्लॅटमधलं मांजर आमच्या दारात बसायचं, त्यालाही हाकलून झालं. गौरी शेवटी म्हणाली, ‘आता घरात न बदललेली मी एकटीच उरलेय. बघ, मलाही बदलून बघतोस का?’

रेवा वाळत चालली. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, शेजारच्या टेबलावरचं अर्धवट उकडलेलं अंडं ती टक लावून बघायची. नागपूरहून आईचा व्हिडिओ कॉल यायचा. ‘काहून रे, पोरीले उपाशी ठेवतं का? पार वाळून गेली ना बापा!’ मी म्हणायचो, ‘आई, शोध चालू आहे.’ आणि आईचा पुढचा सल्ला, कडुनिंबाचा पाला, ऐकायच्या आत फोन ठेवायचो.

लोकांचं वेगळंच. लिफ्टमध्ये एक आँटी रेवाचे हात बघून म्हणाल्या, ‘आय्यो, चिकन पॉक्स आह?’ आणि नातवाला मागे ओढलं. इथल्या इंग्रजीत वाक्याच्या शेपटाला ‘आह’ नाहीतर ‘लाह’ असतोच. हा आजार संसर्गजन्य नाही, हे मी तळमजल्यापासून आमच्या मजल्यापर्यंत समजावत राहिलो. आँटी आठव्या मजल्यावर उतरून गेल्या. मी पुढेही बोलतच होतो, रेवाशी.

आणि या सगळ्यात घरात एक वाक्य सारखं चालू असायचं, ‘खाजवू नकोस.’ जेवताना, अभ्यास घेताना, एमआरटीच्या गाडीत, देवळात. गौरी म्हणायची, मी म्हणायचो, फोनवरून आजी म्हणायची. प्रेमानेच म्हणायचो. रक्त निघालेलं बघवत नसे.

काही महिन्यांनी ती खाजवेनाशी झाली. आम्हाला वाटलं, मलमाने गुण येतोय. मग गौरीला फ्रॉकच्या आतल्या बाजूला रक्ताचे डाग दिसले. रेवा पडद्यामागे जाऊन खाजवत होती. ‘काय करतेस?’ विचारलं की हात मागे घ्यायची आणि हसायची. चार वर्षांचं पोर उसनं हसू आणतं, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मग ताप आला. गुडघ्यांच्या मागे पिवळट खपल्या धरल्या होत्या, पाणी येत होतं. ‘स्किन इन्फेक्शन,’ म्हणजे फाटलेल्या त्वचेतून जंतू शिरले होते. दाखल करावं लागलं. वॉर्डात इतकी थंडी होती की गौरी माझं जॅकेट घालून बसली. डॉक्टरांनी विचारलं, ‘हे कधीपासून आहे?’ आम्ही एकमेकांकडे बघितलं. आम्हाला माहीतच नव्हतं. तिने ते कितीतरी दिवस आमच्यापासून लपवलं होतं.

‘रेवा, इथे खूप खाज येत होती का?’ डॉक्टरांनी थेट तिलाच विचारलं.

रेवाने आधी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, ‘आय नेव्हर स्क्रॅच. रिअली, बाबा, आय नेव्हर.’ इथल्या मुलांच्या इंग्रजीत ‘नेव्हर’ म्हणजे फक्त ‘मी नाही केलं’. प्रश्न डॉक्टरांचा होता, उत्तर मला दिलं होतं.

डॉक्टर स्टूल ओढून माझ्यासमोर बसल्या. ‘हिला खोकला झाला तर तुम्ही खोकू नकोस म्हणता का?’

‘नाही.’

‘खाजवणं हेही आजाराचं लक्षणच आहे. ती खोडी नाही. ती तुमच्यापासून लपवायला लागली तर मी तिला बरं कसं करू?’

मला एकदम रडू आलं. वॉर्डातल्या त्या थंडीत मी जॅकेट नसलेला माणूस, नाक पुसायलाही काही नव्हतं. गौरीने ओढणी पुढे केली. माझी मुलगी तिच्या दुखण्यात एकटी पडली होती, आणि आम्ही दोघं दिवसभर तिच्या शेजारीच असायचो.

जंतू आटोक्यात आल्यावर नर्सने ‘वेट रॅप’ शिकवलं. कोमट पाण्याची आंघोळ, मग औषधाचं मलम, मग जाडसर मॉइश्चरायझर, त्यावर ओले सुती कपडे आणि त्यावर कोरडे. त्वचा थंड राहते, औषध मुरतं. हे डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय आणि शिकवल्याशिवाय करू नका. पहिल्या दिवशी पांढऱ्या कापडात गुंडाळलेली रेवा आरशात बघून ओरडली, ‘आय अ‍ॅम अ मम्मी!’ गौरी म्हणाली, ‘मग मी कोण गं?’ कितीतरी दिवसांनी आम्ही तिघं एकाच गोष्टीवर हसलो.

स्टेरॉइडच्या मलमाची मला धास्ती होती, म्हणून मी ते जेमतेम टिकलीएवढं लावायचो. इतकं कमी लावलं तर दाह जात नाही आणि मलम लावणं उगाच लांबत जातं, हे डॉक्टरांनी बोटाच्या पेरावर मलम पिळून दाखवलं. चाचण्या होऊन अंडं आणि दूध परत सुरू झालं. तुम्हालाही हेच सांगेन, मुलांचं खाणं मनाने बंद करू नका. माझ्या शोधमोहिमेत एक्झिमा तसाच राहिला, वजन तेवढं गेलं.

सगळ्यात अवघड होतं ते वाक्य सोडणं. डॉक्टरांनी त्याऐवजी एकच शब्द दिला होता, ‘कुठे?’ विचारायचं, ती दाखवेल तिथे फ्रिजमधलं गार मॉइश्चरायझर लावायचं, तळवा दाबून धरायचा. मी ‘खा’ म्हणून अडखळायचो आणि पुढे ‘खाऊ हवाय का?’ असं काहीतरी जोडायचो. गौरी फिदीफिदी हसायची.

पण रेवाचा विश्वास बसेना. ‘कुठे?’ विचारलं की ती म्हणायची, ‘कुठेच नाही.’ त्वचा सुधारत गेली, गुडघ्यांमागच्या जखमा भरल्या, ती शांत झोपायला लागली, तरी तिचं ते ‘कुठेच नाही’ काही सुटेना. मी धीर सोडला नाही असं म्हणणार नाही. सोडला, पुष्कळदा. गौरी मात्र गार बाटली घेऊन तिच्याजवळ नुसती बसून राहायची.

एक्झिमा पूर्ण गेलेला नाही. घामाचे दिवस आले, सर्दी झाली की ‘फ्लेअर’ येतो, म्हणजे तो पुन्हा उसळतो. आता आम्ही घाबरत नाही, मलमाचा डबा उघडतो. मी गुन्हेगार शोधणं सोडून दिलं. ती तहान कारखान्यात भागवतो.

मध्यंतरी मरीन परेड भागात एका मित्राकडे मराठी मंडळी जेवायला जमली होती. हॉल माणसांनी भरलेला, मुलांचा दंगा चाललेला. मी ताट घेऊन चारचौघांत कंपनीच्या गप्पा मारत उभा होतो. रेवा खेळ सोडून माणसांच्या मधून वाट काढत आली. माझ्याकडे पाठ केली, सगळ्यांसमोर टॉप वर केला आणि मोठ्यांदा म्हणाली, ‘बाबा, इकडे, मधोमध. खूप खाज येतेय. लवकर कर ना लाह!’

गप्पा थांबल्या. मी ताट खाली ठेवलं आणि तिच्या पाठीवर हात दाबून धरला. पाठ गरम होती. ‘अजून थोडं वर,’ ती म्हणाली. एवढ्या माणसांत ती मला शोधत आली होती.