परगावच्या सभासदाचं कार्ड

देऊळगाव राजाला नागपूरहून कापडात शिवलेलं पार्सल आलं, की पोस्टमन त्यावरचा पत्ता वाचायच्या भानगडीत पडत नसे. पार्सल सरळ हायस्कुलात अर्जुनराव सरांकडे पोचायचं. तसलं पार्सल गावात दुसऱ्या कुणाचं येतच नव्हतं.

अर्जुनराव इतिहास आणि इंग्रजी शिकवायचे. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, पण विदर्भातल्या पोरांना पदवी अजून नागपूरच्याच विद्यापीठाची मिळायची. त्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात परगावच्या पदवीधरांनाही सभासद होता येतं, हे फार थोड्यांना ठाऊक होतं. अर्जुनरावांना एका जुन्या वर्गमित्राकडून ते कळलं आणि त्यांच्या डोक्यातून जाईना. उन्हाळ्याच्या सुटीत ते एसटीनं मलकापूरला गेले, तिथून रेल्वे धरली, अनामत भरली, ओळखीच्या दोघांच्या सह्या दिल्या आणि कार्ड घेऊन परत आले. एका वेळी दोन पुस्तकं, महिन्याभरासाठी. टपालखर्च ज्याचा त्यानं करायचा. दुसऱ्या कुणाची मागणी नसली तर पत्र टाकून मुदत वाढवून मिळे. कार्डाच्या मागं ठळक अक्षरांत छापलं होतं, की हे कार्ड दुसऱ्या कुणाला वापरू देता येणार नाही.

ते आपल्या भागाचा इतिहास लिहीत होते. शाळा सुटली की ओसरीवर बैठक मारायची आणि अंधार पडेपर्यंत लिहायचं. पुस्तकांना कुणी ओल्या हातानं शिवायचं नाही, पानाचा कोपरा दुमडायचा नाही. त्यांच्या पत्नी सुभद्राबाई म्हणायच्या, "या पुस्तकांचा जावयासारखा मान ठेवावा लागतो. बरं, जावई निदान चार दिवसांनी जातो तरी."

या पुस्तकांना हात लावायची परवानगी घराबाहेरच्या एकाच माणसाला होती. ती म्हणजे कोकिळा.

कोकिळा पुंजाजीची मुलगी. नदीकाठच्या मळ्यात पुंजाजी वांगी, मेथी, मिरची काढायचा आणि बाजारात बसायचा. कोकिळा अर्जुनरावांच्या वर्गातून मॅट्रिक झाली. गावात तेव्हा कॉलेज नव्हतं आणि पोरीला परगावी ठेवायची पुंजाजीची तयारी नव्हती. अर्जुनराव स्वतः मळ्यात गेले आणि त्यांनी सांगितलं, की मुलींना घरी अभ्यास करूनही बी.ए.ला बसता येतं.

"घरीच राहून ना?" पुंजाजीनं विचारलं. "मग शिकू द्या की. मळ्याचंही काम होईल."

तशी ती शिकू लागली. पहिली वर्षं तिनं अर्जुनरावांच्या शिकवण्यावर आणि मिळतील त्या जुन्या पुस्तकांवर काढली. शेवटच्या वर्षाला मात्र मोठे ग्रंथ हवे होते, आणि ते या बाजूला कुठंच नव्हते. अर्जुनरावांनी कार्डाच्या मागची ओळ एकदा वाचली, कार्ड खिशात ठेवलं आणि आपल्या नावावर तिच्यासाठी पुस्तकं मागवली.

पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घालून ती मळ्यात न्यायची. वाफ्यांत पाणी भरेपर्यंत बांधावर बसून वाचायची. परत द्यायला आली की बोलत बसायची. एकदा ती दख्खनच्या सुलतानांवरचा जाडजूड इंग्रजी ग्रंथ घेऊन आली आणि म्हणाली, "सर, यात किल्ले आहेत, फौजा आहेत, सारा किती घ्यायचे तेही आहे. पण एवढ्या फौजेला भाजी कोण पिकवून देत होतं, ते कुठंच नाही."

अर्जुनराव मोठ्यानं हसले. ती गेल्यावर मात्र त्यांनी आपलं लिखाण काढून पुन्हा चाळलं. त्यांच्या स्वतःच्या लिखाणातही भाजी पिकवणारा माणूस कुठं नव्हता. पुढं त्यांनी त्यावर एक प्रकरण लिहायला घेतलं.

त्या हिवाळ्यात कोकिळेचं लग्न ठरलं. स्थळ पार जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाचं होतं, वरवट बकालचं. सासरे उकंडराव, जमीन भरपूर, मुलगा एकुलता. पुंजाजीला एवढं मोठं घर मिळेल असं वाटलं नव्हतं. बोलणी झटपट झाली, आणि परीक्षेचं काय, तर "ते पाहू पुढं" एवढंच बोलणं झालं. कोकिळेनं परीक्षेचा अर्ज आधीच भरलेला होता.

लग्नाच्या आधी ती सरांकडे आली. तोच जाड ग्रंथ छातीशी धरलेला होता.

"सर, हा सोबत नेऊ का? परीक्षा झाली की लगेच पाठवते."

"ने," अर्जुनराव म्हणाले. त्यांना त्या क्षणी दुसरं काही सुचलंच नाही.

लग्न झालं आणि थोड्याच दिवसांत नागपूरचं पत्र आलं. त्या ग्रंथाला दुसऱ्या वाचकाची मागणी होती, मुदत वाढणार नव्हती. अर्जुनरावांनी कोकिळेला पत्र टाकलं. उत्तर आलं नाही. पुन्हा टाकलं. दरम्यान नागपूरहून शेवटची सूचना आली, की पुस्तक ताबडतोब परत न आल्यास सभासदत्व रद्द होईल. अर्जुनरावांचं लिखाण निम्म्यावर आलं होतं. कार्ड गेलं असतं तर ते तिथंच थांबलं असतं. वर चौकशी झाली तर कार्ड दुसऱ्याला दिल्याचं उघड होणार, ही धास्ती होतीच.

निघायच्या आधी त्यांना बाजारात पुंजाजी भेटला. कुठं निघालात ते कळल्यावर तो जरा बाजूला येऊन म्हणाला, "सर, पोरीला भेटा, पुस्तक घ्या. पण तिथं परीक्षेबिरीक्षेचं काही काढू नका. नवी सोयरीक आहे."

बुलढाणा, मलकापूर, शेगाव करत अर्जुनराव दुसऱ्या दिवशी वरवटला पोचले. उकंडरावांनी त्यांना ओसरीवर गादीवर बसवलं. पाय धुवायला पाणी आलं, चहा आला. पुस्तकाचं नाव काढल्याबरोबर उकंडरावांनी आत आवाज दिला आणि पुस्तक ओसरीवर आलं. आणून दिलं सासूबाईंनी. कव्हर तसंच होतं. आत खुणेसाठी मेथीची एक वाळकी काडी होती.

"तुमची पत्रं आली होती मास्तर," उकंडराव म्हणाले. "पन आमच्या पोराच्या ध्यानात राह्यलं नाई. माफी करा." मग त्यांनी पानाचा डबा पुढं सरकवला आणि आवाज खाली घेतला. "तुमी आले ते बरंच झालं. तुमाले एक इचारायचं होतं. सूनबाई परीक्षेले बसतो म्हणते. आमच्या घरात बाईमानूस कदी परीक्षेले गेली नाई. लोकं काय म्हणतीन, हे हाये. पन मी तिले म्हणलं, तुह्या मास्तरले इचारू. तुमी तिले शिकवलं. तुमीच सांगा, बसवू का नको?"

अर्जुनरावांनी मांडीवरच्या पुस्तकाकडे पाहिलं. पुंजाजीचा चेहरा त्यांच्या डोळ्यांपुढं आला. परीक्षा म्हटली की पुस्तक इथंच राहणार, हेही त्यांच्या मनात येऊन गेलं. संध्याकाळची गाडी चुकवून चालणार नव्हती. दुसऱ्याच्या घरात, त्यातून नव्या सोयऱ्याच्या, आपण कोण सांगणारे, असंही वाटलं. काय वाटलं आणि त्यातलं खरं किती, हे त्यांना पुढं कधीच नीट वेगळं करता आलं नाही.

"आता घर तुमचं, सून तुमची," ते म्हणाले. "तुम्ही कराल ते योग्यच कराल."

उकंडरावांनी पानाचा डबा मिटला. मग मान हलवून म्हणाले, "हाव, तेही खरंच."

कोकिळा बाहेर आली नाही. निघताना अर्जुनरावांनी तिची खुशाली विचारली, तर सासूबाई म्हणाल्या, "मजेत हाये. चुलीपाशी हाये आता."

पुस्तक नागपूरला वेळेत पोचलं. कार्ड राहिलं. पार्सलं पूर्वीसारखी येत राहिली, इतिहास लिहून पूर्ण झाला आणि जिल्ह्याच्या गावच्या एका छापखान्यात छापलाही गेला. भाजी पिकवणाऱ्यांचं प्रकरण त्यात होतं. लोकांनी सत्कार केला. कोकिळा परीक्षेला बसली नाही, एवढं पुंजाजीकडून कळलं होतं. अर्जुनरावांना वाईट वाटलं, पण सासरच्यांनी बसू दिलं नसेल, त्याला आपण काय करणार, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती.

सात-आठ वर्षं गेली. एका आश्विनात बालाजीच्या यात्रेला उकंडराव देऊळगाव राजाला आले. गुडघ्यांनी थकले होते, हातात काठी आली होती. देवदर्शन झाल्यावर विचारत विचारत अर्जुनरावांच्या घरी आले. इकडचं तिकडचं बोलणं झालं, पाऊस झाला, कापूस झाला. उठता उठता ते सहज बोलून गेले.

"मास्तर, त्या वक्ती तुमी एक शब्द बोलले असते ना, तर मी पोट्टीले बसू देलं असतं. माह्या मनात होतं. पन तुमीच काही बोलले नाई. मले वाटलं, मास्तर जाणता मानूस, कायतरी समजूनच चूप बसला असन."

सुभद्राबाई दारातच उभ्या होत्या. उकंडराव गेल्यावर त्यांनी विचारलं, "तुम्हाला विचारलं होतं त्यांनी?"

"विचारलं होतं."

"मला कधी बोलला नाहीत."

 त्या दिवसापासून पुस्तकांवरून थट्टा करायचं सुभद्राबाईंनी बंद केलं.

दिवाळीनंतर अर्जुनराव पुन्हा वरवटला गेले. या वेळी कुठलंही काम नव्हतं. अंगणात कोकिळा लाल मिरच्या वाळत घालत होती. जवळ दोन मुलं खेळत होती. तिनं सरांना ओळखलं, पदर सावरला, पाणी आणून दिलं. तिचं बोलणं आता पुरतं इकडचं झालं होतं.

"बाबा बरे हायेत ना? मळ्यातल्या हिरीले पानी हाये?"

अर्जुनरावांनी सगळं सांगितलं.  शेवटी म्हणाले, "कोकिळा, तुझे सासरे मागं घरी आले होते. त्यांनी मला सांगितलं. मी त्या वेळी बोलायला हवं होतं."

ती मिरच्या पसरत राहिली. "मी दाराआडच होते, सर," ती म्हणाली.

"म्हणजे तू ऐकलंस?"

"ऐकलं ना. मामांजी इचारतीन हे मले ठावकं होतं. मीच त्याइले म्हणलं होतं, मास्तरले इचारा म्हणून." तिनं एक सडकी मिरची उचलून बाजूला टाकली. "तुमी काही बोलले नाई, तवा मले वाटलं, मी पास होणार नाई हे तुमाले माईत असन. तोंडावर कसं म्हणता, म्हणून म्हणले नसतीन."

 पुस्तकासाठी गप्प बसलो, गाडीसाठी गप्प बसलो, सोयरिकीसाठी गप्प बसलो, हे सगळं उकंडराव येऊन गेल्यापासून अर्जुनरावांनी स्वतःशी कबूल करून ठेवलं होतं. त्या गप्प बसण्याचा असा अर्थ कुणी लावला असेल, हे त्यांच्या कधी ध्यानीमनी आलं नव्हतं. आणि ही बाई एवढी वर्षं तो अर्थ खरा धरून जगली होती.

"अगं, नाही," ते म्हणाले.  "माझ्या हाताखालून तुझ्यासारखं कुणी गेलं नाही. तू पास तर झालीच असतीस, वरच्या वर्गात आली असतीस. पुस्तकात माझं एक प्रकरण आहे, ते तुझ्यामुळं आहे. मला तेव्हा फक्त ते पुस्तक परत हवं होतं, गं."

कोकिळेचा हात थांबला. ती त्यांच्याकडे पाहत राहिली. रागानं पाहिलं असतं तर अर्जुनरावांना बरं वाटलं असतं.

"असं होतं होय," ती हळूच म्हणाली.

"आताही बसता येईल. अर्ज मी आणून देतो. पुस्तकंही मागवतो. कार्ड आहे अजून."

ती थोडी हसली. "आता नाई सर. इंग्रजीचं पान हाती घेतलं की शब्दच लागत नाईत. मांगं एकदा दवाखान्यात एक कागद वाचून पाह्यला, त्यातले निम्मे उमगले नाई." लहान मुलगा रडत आला, तिनं त्याला कडेवर घेतलं. "जेवून जा. भाकर टाकतो मी."

अर्जुनराव जेवले. उकंडराव शेतातून आले, त्यांच्याशी बोलले. कोकिळेनं वाढलं, आग्रह केला, निघताना सुभद्राबाईंसाठी मिरच्यांची पुरचुंडी दिली. परीक्षेचं पुन्हा कुणी काढलं नाही.

पुढच्या वर्षी कार्डाची मुदत संपली, तेव्हा अर्जुनरावांनी नूतनीकरणाचा अर्ज पाठवला नाही. तोवर गावात कॉलेजच्या हालचाली सुरू झाल्या होत्या, त्यामुळं कुणाला त्यात वेगळं काही वाटलं नाही. निवृत्त झाल्यावर ते माणसांत जास्त बसू लागले. कुणी आपल्या मुलीबद्दल त्यांना काही विचारलं, तिला पुढं शिकवू का, बाहेरगावी ठेवू का, की ते समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत बोलायला लागत आणि मग थांबत नसत. ज्यांनी विचारलं नव्हतं त्यांच्याही घरी जाऊन बोलत. लोक म्हणत, अर्जुनराव सर उतारवयात फारच बोलके झाले.