जहाजाचा शिंपी

गोदीत त्यांना सगळे रजईकाका म्हणत. जहाजाच्या इंजिनरूममधल्या वाफेच्या पाइपांना आणि व्हॉल्व्हना पांघरूण घालणं, हे त्यांचं काम. उघडा पाइप हाताला लागला तर कातडी सोलून निघते, शिवाय वाफ फुकट थंड होते ती वेगळीच. सरळ पाइप काय, कोणीही गुंडाळेल. व्हॉल्व्ह मात्र मुलखाचा वाकडा. त्याच्या मापाचं काचेच्या धाग्यांचं कापड बेतायचं, आत काचेची लोकर भरायची, कडेच्या हुकांना तार ओवून आवळायचं. दुरुस्तीच्या वेळी सोडता आलं पाहिजे आणि पुन्हा चढवताही. इंजिन तापलं की काका एकेका रजईवर तळहात ठेवून बघत. ऊब लागली तर रजई नापास. मग तोंड कडू करून ती उसवायला बसत.

या कामाने त्यांना घर दिलं, मान दिला आणि जन्माची खाज दिली. थंड पाण्याने कितीही घासून अंघोळ करा, काचेचा एखादा तंतू मनगटाच्या घडीत राहतोच. काकांना त्याचं काही वाटत नसे. पण लेक तान्ह्या नातीला घेऊन राहायला आली आणि त्यांची पंचाईत झाली. पोरीच्या गालावर लाल पुरळ उठलं. कशाने, देव जाणे. काकांनी दोष स्वतःकडे घेतला आणि तिला हात लावणंच सोडलं. रोज दारात उभं राहून लांबूनच लाडं लाडं बोलायचे.

"अहो, घ्या तिला. चावत नाही ती," बायको म्हणायची.

"मी चावतो ना," काका म्हणायचे.

लेक निघायचा दिवस जवळ आला तसा त्यांचा जीव खालीवर होऊ लागला. नातीला एकदाही न घेताच ती परत गेली तर? शेवटी त्यांनी रजा टाकली. कोरं सुती कापड, कापूस आणि नवी सुई आणली, कारण गोदीची सुई घरात नकोच. झोपलेल्या नातीचं माप घेतलं आणि दिवसभर मान वर केली नाही.

संध्याकाळी बायकोने रजई उलगडली आणि तिची हसून हसून पुरेवाट झाली. दोन्ही कडांना नाड्यांची रांग होती आणि वरच्या बाजूला, व्हॉल्व्हच्या दांड्यासाठी ठेवतात तसं, गोल भोक.

"अहो, ही नात आहे की व्हॉल्व्ह?"

काका ओशाळले. "हाताला वळण तेच. पण बघ, सोडून पुन्हा चढवता येते."

"लंगोट बदलायला सोयीचंच आहे की," लेक म्हणाली. तिने पोरीला रजईत घातलं, भोकातून डोकं बाहेर काढलं, नाड्या बांधल्या. "धरा बाबा. आता तुमचा हात तिला लागतच नाही."

काकांनी धरलं. नात जरा कुरकुरली, मग त्यांच्या छातीशी झोपून गेली. किती हलकी होती ती. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते कोणापासून लपवलेही नाहीत. सवयीने त्यांचा तळहात रजईवर गेला.

"अगं," ते बायकोला हळूच म्हणाले, "ऊब बाहेर येतेय."

"मग? उसवायची का?"

"हात लावून तर बघ," काका म्हणाले आणि आपला तळहात तिथेच ठेवून बसून राहिले.