झोपलेल्या मुलीचा फोटो

वाढदिवसाच्या घरात शिरला की तो फोटोवाला आधी चपला काढायचा आणि थेट जमिनीवर बसायचा. घरचे खुर्चीचा आग्रह करत, हा मात्र रांगत्या लेकराच्या उंचीला कॅमेरा धरून गप्प. "हाका नका मारू," म्हणायचा, "लेकरू कामात हाय." लेकराचं काम म्हणजे बहुतेक वेळा फुग्याची दोरी चावणं.

असे वाढदिवस तुम्हीही पाहिले असतील. दहा जण टाळ्या वाजवून "इकडं बघ, इकडं बघ" करतात आणि पोर भेदरून भोकाड पसरतं. मी हिंगोलीकडच्या गोरेगावात घरी केक करून विकते, त्यामुळे आम्हा दोघांना बोलावणं बहुधा एकाच घरचं. केक कापण्याआधीच तो आपले चांगले फोटो उरकून घ्यायचा. "कापल्यावर लेकरू दिसत न्हाई ताई, तुमचा केकच दिसतो तोंडावर," असं मला डिवचायचा. राग यायचा, पण फोटो पाहिले की विरून जायचा.

त्या मुलीचा पहिला वाढदिवस होता. शिरड शहापूरहून मामा यायचा होता, त्याची जीप वाटेत बंद पडली, आणि मामाशिवाय केक कापायचा नाही असं आजीनं ठरवलेलं. जरीचा फ्रॉक टोचून पोरगी दुपारपासून रडत होती. शेवटी बाजेवर बसलेल्या आईच्या खांद्यावर मान टाकून झोपली.

बाप फोन कानाला लावून दारात उभा होता. रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला, "एक तरी बिनरडता फोटो काढा ना तिचा."

"झोपल्यालं लेकरू काढत न्हाईत भाऊ. जुनी माणसं अपशकून मानतात."

"आमी सांगून राहिलो ना. काढा."

आईच्या पाठीमागे जाऊन, गुडघ्यांवर बसून, त्यानं एकच काढला. मी केकवरच्या माश्या वारत होते, पण बोलणं सगळं ऐकलं.

महिन्याभरात पोरीला ताप भरला. आधी हिंगोली, मग नांदेड. तिथून ती परत आली नाही.

भेटायला गेले तेव्हा आजी पुन्हा पुन्हा म्हणत होती, "झोपेत फोटो काढला माझ्या लेकराचा." बायका माझ्याकडे वळल्या. "तुमी तं तिथंच व्हत्या. काढला का त्यानं?"

बाप भिंतीला टेकून, मान खाली घालून बसला होता.

"व्हय, काढला," मी म्हणाले. काढायला कुणी सांगितलं, ते बोलले नाही. लेक गेलेल्या बापावर काय बोट ठेवायचं, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं म्हणजे मी घाबरले होते. त्या दिवशीचा केक माझा होता, उद्या बोट माझ्याकडेही वळलं असतं.

लोकांनी त्याला वाढदिवसाला बोलावणं सोडलं. एकदा तो माझ्या दारात आला. "ताई, तुमी ऐकलं व्हतं ना? एवढं सांगा ना कोणाला तरी." सांगते म्हणाले आणि सांगितलं नाही. दिवाळीनंतर त्यानं स्टुडिओ बंद केला आणि पुण्याकडे एका कंपनीत लागला. मला लाज वाटली, आणि खोटं कशाला बोलू, सुटल्यासारखंही वाटलं.

वर्षभरानं त्या मुलीची आई माझ्याकडे आली. म्हणाली, "ताई, तो झोपेतला फोटो भेटन का? बाकी समद्या फोटोत रडूनच राहिली ती."

मी तिच्यासमोरच त्याला फोन लावला. तिला तो फोटो हवाय म्हणून सांगितलं.

"मी पुसून टाकला ताई. समदे म्हणून राहिले व्हते, तं मलाबी खरंच वाटाय लागलं." आणि त्यानं फोन ठेवला. पुन्हा लावला तर बंद.

मी तिला सांगितलं. ती रडली नाही. पदर सारखा करत म्हणाली, "माझ्या खांद्यावर व्हती ना, तं मला तिचं तोंडच दिसलं न्हाई. कशी दिसत व्हती हो?"

मी आठवून पाहिलं. मला फक्त केक आठवत होता. त्या घरात तिचं झोपलेलं तोंड पाहणारा एकच माणूस होता.