बांगड्या इश्वरच्या हातात

माझी धाकटी जाऊ रुखमा म्हणजे एवढीशी बाई. हात तर इतके बारीक, की कासारीण म्हणे, "बाई, तुझ्यासाठी पोरीबाळींच्या मापाच्या बांगड्या आणाव्या लागतात." आमच्या घरी पवनीला पिढ्यांपासून माग. मागावर धागा तुटला की रुखमा खाली हात घालून न पाहता सांधायची. तोंड माझ्याशी बोलण्यात, मान भलतीकडे आणि बोटं आपल्या कामात.

तिचा नवरा इश्वर, म्हणजे माझा दीर. तो मागावर कधी रमला नाही. त्यानं भंडाऱ्याच्या रस्त्याला चार लाकडी बल्ल्यांवर पत्र्याची टिनं टाकून मोटारी दुरुस्त करायचं गॅरेज काढलं होतं. एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात चालू इंजिनाच्या पंख्यानं त्याचा उजवा हात धरला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तळव्याच्या कडेसकट गेलं. उरलेली बोटं आखडली. जखम भरली, पण नट धरला की टपकन खाली पडे. डावा हात ठीक होता, पण तो मुसळासारखा जाड, फटीत शिरायचा नाही.

आमचे हे त्याचे थोरले भाऊ. ते म्हणाले, "टिनं उतरवून टाकू गा. घरी बसून कांड्या भर."

मागासाठी कांड्यांवर सूत भरायचं काम आमच्याकडे बाया करत. इश्वर खाली मान घालून बसला. रुखमा मात्र बोलली. भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, बोलायची रीत नव्हती, म्हणून भिंतीकडे तोंड करून बोलली.

"ज्याले टिनं उतरवाची हौस असन त्यानं आपल्या डोक्यावरचे उतरवावे. गॅरेजचे नाही उतरत."

भिंत काय बोलणार! आमचे हे उठून मागावर जाऊन बसले.

गॅरेजात गावातल्या टॅक्सीवाल्या भय्याजींची जुनी अँबॅसडर अपघाताच्या आधीपासून उभी होती. इंजिनाच्या कुशीला पत्र्याचं एक झाकण असतं, तिथून तेल गळे. इश्वरनं नवं पॅकिंग लावून झाकण कसंबसं बसवलं, पण त्याचा बोल्ट धुराच्या लोखंडी नळ्यांच्या मागं. तिथं नजर पोचत नाही, मोठा हात तर नाहीच नाही. इश्वर बोल्ट नेई आणि बोल्ट खाली मातीत पडे. पुन्हा पुसे, पुन्हा नेई.

त्या दिवशी मी, रुखमा आणि आमची सासू गोदावरीबाई डबा घेऊन गेलो, तर भय्याजी जीप आणि दोर घेऊन हजर. गाडी ओढून भंडाऱ्याला न्यायची म्हणत होते. एक गाडी दोरानं बांधून गेली असती तर दुसरी कोणती आली असती? तिथंच गॅरेज संपलं असतं.

"राहू दे गा इश्वर," भय्याजी साऱ्या रस्त्याला ऐकू जाईल असे म्हणाले. "तुह्याच्यानं होत नाही आता. बांगड्या भर अन् घरी बस."

समोरच्या पानठेल्यावरचे लोक फिदीफिदी हसले.

रुखमानं डबा माझ्या हातात दिला. "दोर ठेवा खाली," ती म्हणाली आणि तिनं इंजिनात हात घातला. मनगटापर्यंत गेला आणि अडला. हिरव्या बांगड्या नळीवर खळखळल्या. जोर केला असता तर काच फुटून आत गेली असती. तिनं हात काढला, गाडीच्या तेलाच्या डब्यातलं काळं तेल मनगटाला चोळलं आणि एकेक बांगडी उतरवायला लागली.

सासू किंचाळली. "अवं रुखमे! नवरा समोर बसला अन् हात उघडा करतं? कोनाचं मरण चिंतून राहिली?"

रुखमाचा हात थांबला. तिलाही भीती होतीच, मी तिचं तोंड पाहिलं. नवरा जिता असताना हात मोकळा करणं ही काय साधी गोष्ट आहे?

तेव्हा इश्वर उठला. "आन इकडं." त्यानं उतरलेल्या बांगड्या घेतल्या, उरलेल्या उतरवल्या आणि साऱ्या आपल्या तुटक्या हातात सरकवल्या. कडेची बोटं नव्हती, तेल होतं, सरसर चढल्या. केसाळ मनगटावर हिरव्यागार बांगड्या! तो हात त्यानं भय्याजींपुढं धरला.

"घ्या भय्याजी, भरल्या बांगड्या. घरी मात्र नाही बसत."

मग तो सासूकडे वळला. "माय, घरातल्याच हातात आहेत. आता काय म्हनतं?"

सासूनं पदर तोंडाला लावला. मग पदराआडूनच म्हणाली, "फोडजो नोको, मेल्या."

रुखमानं पदराची दशी तोडून बोल्टाच्या मानेला सरकगाठ मारली आणि धाग्याचं टोक इश्वरला धरायला दिलं. पहिल्यांदा बोल्ट सुटला. इश्वरनं धागा ओढला तर वैनगंगेतली मासोळी यावी तसा वर आला.

"वरच्या अंगानं ने. भोकाचा काठ लागला का?"

"लागला. तुम्ही चूप राहा ना, बोटाईले ऐकू द्या."

तिनं डोळे मिटले. "धरला," ती म्हणाली. दोन आटे बसल्यावर तिनं गाठ ओढून धागा काढून घेतला, नाहीतर तिथूनच तेल झिरपलं असतं. मग आखूड पाना घेऊन जरा जरा फिरवत आवळत गेली. हात बाहेर आला तो कोपरापर्यंत काळा आणि ओरबाडलेला.

गाडी चालू केली. झाकणाखाली कागद धरला. कोराच राहिला. भय्याजींनी दोर गुंडाळला.

संध्याकाळी रुखमा घरी आली, आधी बांगड्या भरल्या, मग भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "टिनं जागेवर आहेत."

पुढं किती वर्षं चाललं ते गॅरेज. नवऱ्याच्या मनगटावर बांगड्या दिसल्या की लोक समजत, बाईचा हात इंजिनात आहे. हसणारे हसत आणि गाडीही तिथंच आणत. भय्याजी तर रस्त्यावरूनच ओरडत, "इश्वर, भर गा बांगड्या! आतला बोल्ट ढिला झाला."

इश्वर हात पुढं करे. आणि बॉनेटखालून रुखमा म्हणे, "त्याईले म्हना, पहिले लाइनीत उभे राहा."